गावाची पाटी आणि गाडीचा वेग

केंद्र सरकारने ६ एप्रिल २०१८ ला वाहनांच्या कमाल वेगाची जी अधिसूचना काढली, तिच्या तक्त्यात रस्त्यांचे चार रकाने होते : द्रुतगती मार्ग, चार किंवा अधिक पदरांचा दुभाजक असलेला रस्ता, नगरपालिका हद्दीतला रस्ता आणि इतर रस्ते. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं मेहकर यांपैकी कुठे बसतं? गावाला नगरपालिका नाही आणि रस्ता चौपदरी नाही, म्हणजे ‘इतर’. या रकान्यात मोटारीला ताशी ७० किलोमीटर, बस-ट्रकला ६०, मोटारसायकलला ६०, तीनचाकीला ५०. वेगळा आदेश नसेल, तर शाळा सुटायच्या वेळेला गावातून सत्तरने जाणारी मोटार या तक्त्याच्या आत राहते. धोकादायकपणे गाडी चालवण्याचं कलम वेगळं आहे, पण ते बहुधा माणूस पडल्यावरच आठवतं.

ही अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली. त्या निकालाची चर्चा द्रुतगती मार्गावरच्या १२० या आकड्याभोवती फिरली. इंजिनं सुधारली, रस्ते सुधारले म्हणून वेग वाढवायचा, तर चालवणारा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस सुधारला का, असा त्या वादाचा रोख होता. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याला किती वेग असावा, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. निकाल लागला तरी रस्ता ओळखायची पद्धत बदलली नाही. रस्ता किती पदरी, कोणाच्या मालकीचा, कोणत्या हद्दीतला, एवढंच विचारलं जातं. त्याच्या कडेला कोण राहतं, कोण चालतं, हे तक्ता विचारत नाही.

शहरांतला वेग कमी करावा की नाही, हा वाद आपल्याकडे पुणे, मुंबई, बंगळूर यांच्या नावाने चालतो. माझ्या मते तो भालकी, हुमनाबाद, औराद, उदगीर, निलंगा यांचाही आहे आणि मेहकरसारख्या गावाचा तर अधिकच आहे. शहरात निदान सिग्नल असतो, गर्दी असते, गाड्यांचा वेग आपोआप मोडतो. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत रस्ते गुळगुळीत झाले, आणि तो गुळगुळीतपणा थेट गावाच्या मधोमध आला. बसस्टँड, चहाचं हॉटेल, पिठाची गिरणी, शाळेचं फाटक, सगळं त्याच पट्टीवर.

कमी वेग मागणाऱ्यांचं म्हणणं एका आकड्यात येतं : माणसं आणि वाहनं जिथे एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे ताशी ३०. हा आकडा कुठून आला? ताशी ३० ने जाणारी गाडी एका सेकंदाला सव्वाआठ मीटर पुढे जाते. समोर पोर आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि पुढे कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक धरले, तर गाडी एकूण साधारण १३ मीटरांत थांबते. ताशी ५० ने जाणारी गाडी पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे तीसवाली गाडी जिथे थांबली असती, तिथे पन्नासवाल्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो. त्या जागी मूल असेल, तर त्याला पन्नासचा पूर्ण धक्का बसतो. सत्तरला थांबायला ४५ मीटरांहून जास्त लागतात. भरलेला ट्रक, ओला रस्ता, झिजलेले टायर किंवा पेंगुळलेला ड्रायव्हर असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तीसच्या जागी साठ झाले की धक्का चौपट.

हा नुसता कागदी हिशेब नाही. स्वीडनचे संशोधक गोरान निल्सन यांनी रस्त्यांवरचा सरासरी वेग आणि मृत्यू यांचा संबंध मांडला, आणि जागतिक आरोग्य संघटना आजही त्याच धर्तीचा आकडा सांगते : सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. ताशी पाच-सात किलोमीटरने काय होतंय, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यावं.

युरोपात या मागणीला चाळीस वर्षांहून जास्त झाली. जर्मनीतल्या बुक्स्टेहूड या गावात १९८३ मध्ये तीसचा पहिला विभाग झाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळ्या शहराला तीस लावले. स्पेनने मे २०२१ पासून, शहरातल्या ज्या रस्त्यांना प्रत्येक दिशेला एकच पदर आहे तिथे देशभर तीसचा नियम केला. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला मंत्र्यांची जागतिक परिषद भरली आणि तिच्या जाहीरनाम्यात, माणसं आणि वाहनं मिसळतात तिथे तीस, हे कलम आलं. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. सात लाखांच्या घरातली वस्ती. तिथे जुलै २०२५ पर्यंतच्या सलग बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर तीसची मर्यादा आहे. मात्र श्रेय एकट्या पाटीचं नव्हे. रस्ते अरुंद केले, पदपथ रुंद केले, कॅमेरे लावले, बस-ट्राम चांगली ठेवली. हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

वेल्सची गोष्ट उलट बाजूने शिकवते. तिथे १७ सप्टेंबर २०२३ ला वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आणली. सुमारे एकतीस लाख लोकांच्या त्या देशात विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. पुढे अपघातांतल्या जखमींची संख्या स्पष्टपणे घटली. तरीही सरकारला काही रस्ते पुन्हा जुन्या मर्यादेवर नेण्याची मोकळीक स्थानिक कौन्सिलांना द्यावी लागली. आकडे बाजूने असले तरी, कोणता रस्ता का निवडला हे माणसांना आधी सांगितलं नाही, तर विरोध होतो.

ब्रिटनच्याच इतिहासातला एक तुकडा मला आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो. १९३० च्या कायद्याने तिथे मोटारींवरची वेगमर्यादा काढून टाकली होती. चालक समंजस असतात, मर्यादा कोणी पाळत नाही, मग ठेवायची कशाला, असा युक्तिवाद होता. १९३४ साली रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं गेली. तेव्हा तिथे वाहनं आजच्या मानाने मूठभर होती. १९३५ च्या मार्चपासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली. आता वस्ती कशी ओळखायची? त्यांनी निकष धरला रस्त्याच्या दिव्यांचा. ठरावीक अंतराच्या आत दिव्यांचे खांब लागले, की वस्ती आली. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये त्याहून सोपं आहे. गावाच्या नावाची पाटी लागली, की तिथून ताशी ५० ची मर्यादा आपोआप सुरू होते. वेगळा फलक नाही, वेगळी अधिसूचना नाही. गाव संपल्याची पाटी आली, की पुन्हा मोकळा रस्ता.

आपल्या कायद्यात नेमकं हेच नाही. मेहकरची पाटी वाटसरूला गावाचं नाव सांगते, पायाला काहीच सांगत नाही. सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून आपण किती भांडलो. पाटीवर किती वेग असावा, यावर फारसं कधी बोललो नाही.

कायदा अगदीच हातपाय बांधलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ खाली राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे, एखाद्या भागात मर्यादा खाली आणता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. राजपत्रात अधिसूचना निघाली पाहिजे आणि जागेवर योग्य फलक लागला पाहिजे. या दोन्ही एकत्र क्वचित भेटतात. रस्त्याचं काम करताना कंत्राटदार ‘२०’ ची पाटी ठोकून जातो, तिच्यामागे अधिसूचना असेलच असं नाही. उलट कुठे अधिसूचना निघते, पण पाटी वाकलेली असते, झाडाआड असते किंवा तिच्यावर वाढदिवसाचा बॅनर असतो. अशा ठिकाणी दंड लावला, तर चालकाने कोर्टात काय विचारायचं हे वकिलाला बरोबर ठाऊक असतं. दिल्लीने जून २०२१ मध्ये निवासी भाग, बाजारपेठा आणि सेवा रस्त्यांवर ३० ची मर्यादा अधिसूचित केली. हे करण्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागला नाही.

आता आपल्या देशाचे आकडे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे, तर जवळपास २० टक्के पायी चालणारे. २०२३ मध्ये एकूण आकडा एक लाख बहात्तर हजारांच्या पुढे गेला. सरकारी अहवालांत मृत्यूंच्या कारणांत अतिवेगाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास दाखवतात. वेग कमी करा म्हणणारे हा आकडा पुढे करतात, आणि विरोधक त्यालाच धरतात. मला इथे विरोधकांचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिताना ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे शब्द ठरलेले असतात. कर्नाटकातल्या कन्नड फिर्यादीतही त्याच अर्थाची ठरीव ओळ उतरते. गाडीचा वेग मोजलेला नसतो. वळणावर झाडी वाढली होती का, उजेड होता का, रस्त्याचा कठडा तुटला होता का, हे खाली कुठेतरी येतं किंवा येतच नाही. सगळा दोष ड्रायव्हरवर टाकला, की रस्ता बांधणारा मोकळा. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. त्यात सदोष रस्त्याबद्दल यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कलमाची चर्चा गावागावांत व्हायला हवी होती.

पण ७० टक्क्यांचा आकडा कच्चा आहे म्हणून वेगाचा प्रश्न कच्चा ठरत नाही. अपघात कोणत्याही कारणाने होवो, माणूस जगेल की नाही हे धडकेच्या क्षणीचा वेग ठरवतो. खड्डा कंत्राटदाराचा, अंधार पंचायतीचा, तोल दुचाकीवाल्याचा गेला असं धरलं, तरी मागून येणारी गाडी तीसने आली की साठने, यावर त्याच्या घरी काय निरोप जातो ते ठरतं.

महाराष्ट्रात या वादाचं सगळ्यात बोलकं ठिकाण म्हणजे पुण्याचा नवले पूल. मुंबई–बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वस्तीत निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका अवजड वाहनाने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडक दिली. त्यानंतर रम्बलर पट्ट्या, फलक, कॅमेरे, वेगावर बंधन, असे उपाय झाले. तरीही १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी भरलेला कंटेनर उतारावरून सुटला, गाड्या चेपल्या, आग लागली आणि आठ जण गेले. त्यानंतर या टप्प्यात ताशी ६० ची मर्यादा ३० वर आणण्याचा निर्णय झाला.

लगेच दोन्ही बाजूंनी आवाज उठले. नऱ्हे, आंबेगाव, धायरी, वडगाव इथून रोज ये-जा करणाऱ्यांचं म्हणणं असं, की महामार्गावर तीसने गाडी चालवायची म्हणजे कोंडी, आणि कोंडीत मागून येणारा बेफाम ट्रक आणखी धोकादायक. त्यांना सेवा रस्ते पूर्ण हवेत, अवजड वाहतूक बाहेरून वळवायला हवी. हे म्हणणं चूक नाही. ज्या ट्रकचे ब्रेक गेले त्याला पाटी थांबवत नाही. त्यासाठी बोगद्यातून बाहेर पडतानाच तो खालच्या गिअरमध्ये आहे का, त्याचे ब्रेक तपासले का, हे पाहावं लागतं. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. खालच्या गिअरमध्ये तीस-चाळीसने उतरणाऱ्या अवजड गाडीला ब्रेकवर जोर द्यावा लागत नाही, म्हणून ते तापतही नाहीत. उतारावर हळू चालणं हाच ब्रेक वाचवायचा उपाय आहे. मर्यादा पुलापाशी लावली तर उशीर झालेला असतो. ती वर, उतार सुरू होतो तिथे, आणि फक्त अवजड वाहनांना कडकपणे लावली पाहिजे. सगळ्यांना एकच आकडा लावल्याने मोटारवाला चिडतो आणि ट्रकवाला तसाच राहतो, असं मला वाटतं.

नवले पुलाचं मूळ दुखणं वेगळंच आहे. तो रस्ता पुण्याच्या बाहेरून जाणारा वळणरस्ता म्हणून होता, शहर नंतर त्याला येऊन बिलगलं. कागदावर तो महामार्ग राहिला, वापरात मात्र गल्ली-बाजाराचा रस्ता झाला. अशी जोडाजोड आमच्याकडेही आहे. सोलापूरहून उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ कितीतरी गावांच्या अंगाला चिकटून जातो. फाट्यांवर दुकानं उभी राहिली, दुकानांमागे घरं आली, शेत मात्र रस्त्यापलीकडेच राहिलं. गावकऱ्याला रोज रस्ता ओलांडावाच लागतो.

मर्यादा ठरवायची कशी, यावर रस्ता-अभियंत्यांतही दोन तट आहेत. जुनी पद्धत अशी : मोकळ्या रस्त्यावर वाहनांचा वेग मोजायचा आणि शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत चालतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. यामागे तर्क आहे. बहुतेक लोक ज्या वेगाने जातात त्याहून फार खाली आकडा ठेवला, तर तो कोणी पाळत नाही आणि इतर पाट्यांचाही मान जातो. परंतु या मोजणीत फक्त वाहनं मोजतात. शेळ्या घेऊन उभी असलेली बाई, दप्तर पाठीवर घेतलेलं पोर, काठी टेकत चाललेला म्हातारा, यांचं मत त्या पंच्याऐंशीत येत नाही. नवी पद्धत उलटी सुरू होते. इथे माणसाला धडक बसली तर तो कोणत्या वेगाला वाचेल, तो वेग आधी धरायचा आणि मग रस्ताच असा करायचा की चालकाला त्याहून जोरात जावंसं वाटू नये. मी निःसंशय या दुसऱ्या बाजूला आहे.

कर्नाटकात पोलिसांच्या बाजूने एक ठळक अनुभव जमा आहे. बंगळूर–म्हैसूर महामार्ग मार्च २०२३ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या काही महिन्यांतच तिथे शंभराच्या आसपास माणसं गेली. जुलैपासून पोलिसांनी वेगमापक यंत्रं लावून ताशी १०० ची मर्यादा काटेकोर लावायला घेतली. पोलिसांनी जाहीर केलेल्या आकड्यांप्रमाणे जूनमध्ये २८ असलेले मृत्यू जुलैमध्ये ८ वर आले. १ ऑगस्टपासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी आली. १ ऑगस्ट २०२४ पासून राज्यात ताशी १३० च्या वर गाडी गेली तर थेट गुन्हा नोंदवायचं धोरण आलं. पाटी तीच असते, पण पकडला जाईन अशी खात्री वाटली की चालक बदलतो, हे यातून दिसतं. फक्त संथ वाहनांना हाकलून द्यायचा भाग आमच्याकडे उपयोगाचा नाही. तिथे बाजूला सेवा रस्ता आहे. आमच्या ट्रॅक्टरला, बैलगाडीला आणि टमटमला दुसरा रस्ता नाही.

बीदर जिल्ह्यातली नोव्हेंबर २०२२ ची घटना इथे आठवतेच. चिटगुप्पा तालुक्यातल्या बेमळखेड्याच्या सरकारी शाळेजवळ ऑटो आणि ट्रकची समोरासमोर टक्कर झाली. शेतातलं काम आटोपून घरी निघालेल्या सात मजूर बाया गेल्या. कोणाचा वेग किती होता, यावर मी बोलणार नाही. पण ठिकाण पाहा : गाव, शाळा, आणि तिथूनच ट्रकची वाट. ऑटोत किती माणसं बसली, हा प्रश्न लगेच विचारला जातो आणि तो रास्त आहे. मात्र त्या बायांना संध्याकाळी शेतावरून आणायला बस नसते, मुकादमाला जितकी माणसं एका खेपेत येतील तितकी हवी असतात, आणि पत्र्याच्या त्या डब्याला ट्रकच्या धडकेत काही आधार नसतो. मोठ्या गाडीच्या आत बसलेला एअरबॅगमुळे वाचू शकतो. वस्तीतल्या कमी वेगाची गरज जास्त कोणाला आहे, हे यावरून ठरतं.

सरकारने वेग उतरवला नाही, म्हणून गावांनी स्वतःचा मार्ग काढला : गतिरोधक. आमच्या भागातला हा क्रम कोणालाही ठाऊक आहे. अपघात होतो, रस्ता रोको होतो, तहसीलदार येतात, आश्वासन मिळतं, आणि रात्रीतून मुरूम-डांबराचा उंचवटा उभा राहतो. त्यावर पांढरा पट्टा नाही, आधी फलक नाही, उंचीला मोजमाप नाही. ट्रक त्यावरून सहज जातो. पडतो तो मागे बायको-पोर घेऊन निघालेला मोटारसायकलवाला. भारतीय रस्ते परिषदेने गतिरोधकाचं माप फार पूर्वी ठरवून दिलेलं आहे : १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटीमीटर उंची, आणि तो ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा. केंद्रीय मंत्रालयाने २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितले, आणि महामार्गाच्या दृष्टीने ते बरोबरच. पण उंचवटा काढला आणि त्या जागी काहीच दिलं नाही, तर गाव तो पुन्हा घालणारच. प्रत्येक बेकायदा गतिरोधक हा मला गावाने केलेला अर्ज वाटतो. तो फेटाळायचा असेल तर उत्तर लेखी द्या : वेशीपाशी रस्ता थोडा आवळा, मध्ये लहान दुभाजक घाला, शाळेसमोर पदपथाच्या पातळीवर उचललेली ओलांडायची जागा द्या, दोन्ही टोकांना रम्बलर आणि उजेड द्या. चालकाला आकडा वाचायच्या आधी रस्त्याच्या आकारावरूनच कळलं पाहिजे की गाव आलं.

वेळ वाया जातो, हा विरोधकांचा आवडता मुद्दा. दोन किलोमीटरची वस्ती पन्नासने ओलांडायला दोन मिनिटं चोवीस सेकंद लागतात, तीसने चार मिनिटं. फरक साधारण दीड मिनिटाचा. एका गावाला हे काहीच नाही, पण भालकीहून लातूरला जाताना वाटेत गावामागून गाव लागतं आणि तो फरक जमत जातो, हे मान्य करायला हवं. कर्नाटकच्या आणि महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला वेळापत्रक असतं, मालवाहू पिकअपवाल्याला बाजार गाठायचा असतो, टमटमवाल्याची कमाई खेपांवर असते. मर्यादा उतरवायची तर बसचं वेळापत्रकही तितकं सैल केलं पाहिजे. नाहीतर आपण एकाच चालकाला एका हाताने घाई करायला सांगतो आणि दुसऱ्या हाताने दंडाची पावती देतो. रुग्णवाहिकेचा मुद्दाही येतो. बीदर किंवा लातूर गाठायचं असतं, मिनिटं मोलाची असतात. पण तिला वाट करून देणं हा वेगळा नियम आहे, आणि सगळ्यांना सत्तर दिल्याने ती लवकर पोहोचते असं नाही.

दंड म्हणजे वसुली, ही शंका अधिक खोल आहे. अतिवेगाला हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार, मध्यम-अवजड वाहनांसाठी दोन ते चार हजार रुपये दंड कायद्यात आहे. मजुरीवर जगणाऱ्याचा हा चार-पाच दिवसांचा घास. ज्या यंत्रणेने रस्त्यावर दिवा लावला नाही, तीच वेगाच्या यंत्रामागे दबा धरून बसली तर लोक तिला मानणार नाहीत. म्हणून कॅमेरा कुठे आहे हे आधी मोठ्या फलकावर सांगावं, आणि तो अपघाताच्या जागी असावा, वसुलीला सोयीच्या जागी नव्हे. २०२१ च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा भर राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर आणि दहा लाखांहून मोठ्या व काही निवडक शहरांवर ठेवला. तालुक्याचं गाव आणि त्याहून लहान वस्ती त्या भरात येत नाही.

सीमेचा प्रश्न वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. जिल्हा दोन राज्यांत फुटला, रस्ते फुटले नाहीत. मेहकरची लग्नकार्यं, बाजार, दवाखाना दोन्हीकडे आहेत. पण कलम ११२ खालचा राज्याचा आदेश हद्दीपाशी संपतो. इकडे ‘निधानवागि चलिसि’, तिकडे ‘वाहने सावकाश हाका’. दोन्ही पाट्या सल्ला देतात, आकडा देत नाहीत. बीदर आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते सुरक्षा समित्या आहेत. सीमा ओलांडणाऱ्या रस्त्यांपुरती त्यांनी एकत्र बैठक घ्यावी आणि वस्तीतल्या टप्प्यांना दोन्हीकडे एकच आकडा ठरवावा. यासाठी बंगळूर-मुंबईतला सीमावाद मिटायची वाट पाहायची गरज नाही.

गावाच्या हातातही काही आहे. ग्रामसभेने नुसता ‘गतिरोधक द्या’ असा ठराव करू नये. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर मोजून, शाळा, बसस्टँड, अंगणवाडी, पाणवठा दाखवून, ‘या टप्प्यात ताशी ३०, कलम ११२ खाली अधिसूचना आणि फलक’ असा ठराव सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. कागदावर कलम आणि मोजमाप असलं, की त्याला ‘पाहू’ म्हणणं अवघड जातं.

एक काम मात्र वेग उतरायच्याही आधी करायचं आहे. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जातात. कित्येकदा मागे दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. तीसने येणाऱ्या मोटारसायकलवाल्यालाही अंधारातली ट्रॉली वेळेत दिसत नाही. कारखान्याने नोंदणीच्या वेळीच प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू दिवा असल्याशिवाय ती वजनकाट्यावर घ्यायची नाही, असा नियम करावा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. पट्ट्या त्याआधी लागल्या पाहिजेत.